एकटी गिटार, वाटेकरी गिटार: रॉक आणि फोकची तुलना करताना काय ऐकायचं

साठच्या आणि सत्तरच्या दशकातली गाणी ऐकत मोठे झालेले दोन गिटारवादक एकत्र बसले, की बोलणं आवडत्या रेकॉर्डवर येतं आणि तिथून वादावर जायला वेळ लागत नाही. रॉकवाला म्हणतो, फोकमध्ये जोर नाही. फोकवाला म्हणतो, तुमच्याकडे गिटार वाजत कुठे, नुसती गुरगुरते. मग पुराव्यादाखल दोघं आपापल्या लाडक्या गाण्यांच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, सांगू लागतात आणि त्या बऱ्याचदा त्याच निघतात: जी, डी, ई मायनर, सी.

वाद जुनाच आहे. २५ जुलै १९६५ रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलमध्ये फोक गायक म्हणून नावाजलेला बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन मंचावर आला, तेव्हा समोरून हुर्यो झाली. ती इलेक्ट्रिक गिटारची होती, खराब आवाजाची होती की कार्यक्रम आटोपता घेतल्याची, यावर आजही एकमत नाही. पण तेव्हापासून ‘लाकडाची गिटार खरी, विजेची गिटार खोटी’ असा एक कोता हिशेब चालत आला आहे. त्या हिशेबाने काहीच उलगडत नाही.

उलगडतं ते कामाच्या वाटणीने. फोकमध्ये गिटार बहुतेक वेळा गाणाऱ्याच्या जोडीला एकटीच असते. खर्ज तिनेच धरायचा, ठेका तिनेच द्यायचा आणि गाणारा श्वास घेतो तेवढी जागाही तिनेच भरायची. रॉकमध्ये खर्ज बेस गिटारकडे गेलेला असतो आणि ठेका ड्रमकडे. तिथे गिटार वाटेकरी असते, आणि वाटेकऱ्याने दुसऱ्याच्या हिश्शात हात घातला की भांडण होतं. बोटांची चाल, तारांची जाडी, कॉर्डचा आकार, तारा कुठल्या सुरांत लावायच्या, हे सगळं या एका गोष्टीतून निघतं.

पुढच्या मजकुरासाठी काही खुणा: पहिली तार म्हणजे सगळ्यांत बारीक, सहावी म्हणजे सगळ्यांत जाड. फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, आणि एका फ्रेटचं अंतर म्हणजे एक अर्धस्वर. ब्रिज म्हणजे पेटीवर तारा जिथे टेकतात ती पट्टी, आणि पिक म्हणजे तार छेडायचा छोटा तुकडा.

अंगठा हाच बेसवादक

फोक ऐकताना पहिल्यांदा अंगठा शोधा. चाल वरच्या तारांवर कशीही नाचत असो, खाली एक खर्ज घड्याळासारखा चालू असतो. या पद्धतीला ट्रॅव्हिस पिकिंग म्हणतात, केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिसच्या नावावरून. तो स्वतः अंगठ्यात पिक घालून अंगठा आणि तर्जनी एवढ्यांवरच सगळा संसार चालवायचा. नंतरच्या फोक मंडळींनी मधलं बोट आणि अनामिकाही कामाला लावली.

सी कॉर्ड धरा आणि चार ठोके मोजा. अंगठा प्रत्येक ठोक्यावर पडतो: पाचवी तार, चौथी, सहावी, पुन्हा चौथी. सहावीची पाळी आली की डाव्या हाताची अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर सरकवायची आणि पुढच्या समेला परत आणायची. आता बोटं. पहिल्या ठोक्यावर अंगठ्याच्या बरोबरीने मधलं बोट पहिली तार उचलतं, चिमटीसारखं. पुढच्या अर्ध्या ठोक्यावर काहीच नाही. ही रिकामी जागा महत्त्वाची, ती भरली की सगळी चाल शिवणयंत्रासारखी ऐकू येते. दुसऱ्या ठोक्यानंतरच्या अर्ध्यावर तर्जनी दुसरी तार छेडते, तिसऱ्यानंतर मधलं बोट पहिली तार, चौथ्यानंतर पुन्हा तर्जनी दुसरी तार. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर ठेवा. दहा वेळा सलग न अडखळता आलं की ६४.

बिघडतं ते जवळजवळ नेहमी एकाच जागी: बोटं अर्ध्या ठोक्यावर आली की अंगठा त्यांच्या मागे ओढला जातो. बोटांना शिस्त लावून हे सुटत नाही. आधी नुसता अंगठा चालू ठेवून शेजारच्याशी बोलून पाहा. दोन-तीन वाक्यं बोलूनही अंगठा डगमगला नाही, तरच एक बोट वाढवायचं. दुसरी चूक म्हणजे चारही खर्ज सारखेच जोरात वाजणं. दुसरा आणि चौथा ठोका हलका हवा, कारण तिथे अंगठा बेस सोडून ड्रमचं काम करतोय. तळहाताची कड ब्रिजच्या अगदी पुढे, जाड तारांवर दोन-तीन मिलिमीटर टेकवली की खर्ज आखूड होतो आणि वरची चाल सुटी ऐकू येते. पाच मिलिमीटर टेकवलीत तर खर्जाचा नुसता ठोकळा उरतो.

अमेरिकन फोक गायिका आणि गिटारवादक एलिझाबेथ कॉटन डावखुरी होती आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायची. त्यामुळे तिच्याकडे जाड तारा बोटांकडे गेल्या आणि चाल अंगठ्याकडे. तिच्या रेकॉर्डमधला खर्ज इतरांपेक्षा हलका आणि चाल ठसठशीत का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. तिची बोटयोजना जशीच्या तशी उचलायला जाणारे उजवे वादक तासन्‌तास झगडतात आणि दोष स्वतःच्या हाताला देतात.

डी कॉर्डला अंगठा चौथ्या तारेपासून निघतो, जी आणि ई मायनरला सहाव्या. जी कॉर्डवर अंगठा सहावी–चौथी–पाचवी–चौथी असा फिरवला, तर पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा बी खर्जात येतो. जी हा षड्ज धरला, तर हा बी म्हणजे गंधार. अकूस्टिक गिटारवर तो कानाला ऊबदार लागतो. हा स्वर लक्षात ठेवा, कारण रॉकमध्ये पहिली गच्छंती त्याचीच होते.

रॉकची गिटार गंधार का गाळते

अँपला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राला, झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात. डिस्टॉर्शन म्हणजे एवढंच. सुरुवातीला हा दोष होता; मग लोकांना तो आवडू लागला आणि मुद्दाम घडवला जाऊ लागला. १९६२ मध्ये मॅस्ट्रोची फझ-टोन ही पायाने दाबायची पेटी बाजारात आली. १९६४ मध्ये द किंक्स या इंग्लिश रॉक बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा अँपच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला आणि त्यातून निघालेला फाटका आवाज मोठ्या अँपमधून काढला.

शेंडे छाटल्याने दोन गोष्टी होतात. पहिली सोपी आहे. जोरात छेडलेला आणि हळू छेडलेला स्वर जवळजवळ सारख्याच उंचीचे होतात आणि विझत चाललेला स्वरही बराच वेळ मोठा ऐकू येतो. आपल्याकडच्या भाषेत, आस लांबते. अकूस्टिकवर छेडल्यापासून स्वर उतरणीलाच लागतो, म्हणून तिथे बोटं सतत काहीतरी वाजवत राहतात. डिस्टॉर्शनवर एक स्वर लावून आरामात पाहत बसता येतं. रॉकमधल्या लांब, ओढलेल्या, थरथरत्या सोलोचा जन्म यातला आहे.

दुसरी गोष्ट जरा आकडेमोडीची, पण पूर्ण वाचा, कारण सगळी मेख तिच्यात आहे. दोन स्वर एकाच वेळी डिस्टॉर्शनमधून गेले की ते दोन राहत नाहीत. त्यांच्या कंपनसंख्यांच्या, आणि त्यांच्या दुपटी-तिपटींच्याही, बेरजा आणि वजाबाक्या ऐकू यायला लागतात. पाचवी तार मोकळी, म्हणजे ए, सेकंदाला ११० कंपनं. तिचा पंचम ई, चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, साधारण १६५. वजाबाकी ५५: हा तोच ए, एक सप्तक खाली. न वाजवता खर्ज मिळाला. बेरीज २७५: म्हणजे ५५ ची बरोबर पाचपट, आणि तो निघतो सी शार्प, एचा गंधार. कोणी वाजवला नाही तरी मंदसा ऐकू येतो, सुरात लावलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार निघतो तसाच. षड्ज आणि पंचम एवढेच वाजवून इतकी भरदार कॉर्ड मिळते, म्हणून तिला पॉवर कॉर्ड म्हणतात.

आता लोभ सुटला आणि गंधार बोटानेही वाजवला तर? फ्रेटवरचा सी शार्प १३८.६ वर आहे. १३८.६ च्या दुपटीतून ११० वजा केले की १६७.२ येतात, आणि शेजारी आपला पंचम १६४.८ वर उभाच आहे. या दोघांत सेकंदाला सुमारे २.४ चा फरक. इतक्या जवळचे दोन स्वर एकमेकांना ढकलत राहतात आणि कॉर्ड सेकंदाला दोन-तीन वेळा हिंदकळते. अशा टकरी एक नाही, अनेक होतात. त्या सगळ्यांना मिळून आपण चिखल म्हणतो.

फोकवाल्याला रॉक ‘गुरगुरणारा’ वाटतो आणि रॉकवाल्याला फोक ‘बारीक’ वाटतो, त्याचं कारण या हिशेबात आहे. रॉकमध्ये गिटार दोनच स्वर वाजवून खोलीभर आवाज करते; फोकमध्ये सहा स्वर वाजतात, पण प्रत्येक जण आपापल्या जागी बसलेला असतो.

करून पाहायचं असेल तर त्याच चार कॉर्ड घ्या. जी: सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट आणि पाचवीचा पाचवा. डी: पाचवीचा पाचवा आणि चौथीचा सातवा. ई: सहावी मोकळी आणि पाचवीचा दुसरा. सी: पाचवीचा तिसरा आणि चौथीचा पाचवा. बाकीच्या तारा तर्जनीच्या पोटाने हलक्या स्पर्शून मुक्या करायच्या. पिकचे सगळे आघात खालच्या दिशेने, ठोक्याला दोन, तळहाताची कड ब्रिजवर; चौथ्या ठोक्यानंतर कड उचलून एकदा मोकळं वाजू द्या. इथे एक गंमत दिसेल: ई मायनर आणि ई मेजर यांत फरकच उरला नाही, कारण तो फरक गंधाराचा होता आणि तो आपण गाळला. कॉर्ड मायनर आहे की मेजर, हे आता गाणारा ठरवतो.

पूर्ण जी कॉर्ड हवीच असेल तर पाचवी तार मुकी करा: सहावीचा तिसरा फ्रेट, पाचवी बंद, चौथी आणि तिसरी मोकळ्या, दुसरी आणि पहिलीचा तिसरा फ्रेट. सहावी तार दाबणाऱ्या बोटाचं पोट पाचवीला टेकवलं की झालं. मंद्रातला तो एक बी गेला आणि कॉर्ड स्वच्छ झाली. रॉकमधले अनेक रिदम वादक जी अशीच धरतात. कॉर्डच्या पुस्तकात बहुधा पूर्ण सहा तारांची दिलेली असते, म्हणून घरी ती रेकॉर्डसारखी वाजत नाही.

अँपवरचं गेनचं, म्हणजे सिग्नल किती फुगवायचा त्याचं, बटण किती ठेवायचं? एक सुटी तार छेडून हवी तेवढी आस मिळेपर्यंत वाढवा, मग पॉवर कॉर्ड वाजवून पाहा. दोन स्वर वेगळे ओळखू येईनासे झाले तर मागे घ्या. जवळजवळ सगळे जण गेन गरजेपेक्षा जास्त ठेवतात. बेसचं बटणही खोलीत एकट्याने वाजवताना छान वाटतं, पण बँडमध्ये ते बेसवादकाच्या हिश्शात घुसतं आणि मग कोणालाच काही ऐकू येत नाही.

तारांची जाडी

अकूस्टिकवर नेहमीच्या ‘लाइट’ सेटची पहिली तार ०.०१२ इंच जाड असते. इलेक्ट्रिकवर ०.०१० किंवा ०.००९. हजारांश इंचाचा फरक किरकोळ वाटतो, पण ताण जाडीच्या वर्गाने बदलतो. तारेची वाजणारी लांबी साडेपंचवीस इंच असलेल्या गिटारवर ०.०१२ ची पहिली तार सुरात आणायला सुमारे साडेदहा किलोचा ताण लागतो, ०.०१० ला सव्वासात, ०.००९ ला सहाच्या आत.

फोकमध्ये जाड तार लागते, कारण लाकडी पाटा हलवायचं काम तारेलाच करायचं आहे. बारीक तार लावली की आवाज पातळ होतो आणि अंगठ्याचा खर्ज फडफडतो. रॉकमध्ये आवाजाची जबाबदारी अँपवर टाकलेली असते, म्हणून तार बोटाला मानवेल इतकी बारीक चालते. बारीक का हवी? कारण तार बाजूला ओढून स्वर चढवायचा असतो, म्हणजे बेंड. पूर्ण एक स्वर चढवायला ताण २६ टक्क्यांनी वाढतो: ०.०१० च्या तारेला सव्वासातवरून सव्वानऊ किलो, ०.०१२ ला साडेदहावरून तेराच्या वर.

तिसऱ्या तारेची गोष्ट आणखी वेगळी. अकूस्टिक सेटमध्ये ती गुंडाळलेली, म्हणजे वर बारीक तारेचे वेढे असलेली येते. आजच्या इलेक्ट्रिक सेटमध्ये ती साधी असते. पन्नासच्या दशकात इलेक्ट्रिकलाही गुंडाळलेलीच मिळायची आणि तिच्यावर बेंड घेणं म्हणजे शिक्षा. काही वादकांनी युक्ती केली: पहिल्या जागी बँजोची बारीक तार लावली आणि सेटमधली प्रत्येक तार एक जागा खाली सरकवली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला एर्नी बॉलने हलके सेट तयारच विकायला काढले आणि ही उठाठेव संपली. म्हणून जुन्या रॉक-अँड-रोल रेकॉर्डमध्ये तिसऱ्या तारेवर घसरत जाणारे स्वर जास्त आणि ओढलेले कमी, आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धात एकदम उलटं.

अकूस्टिकवर सोलो वाजवायला म्हणून कोणी इलेक्ट्रिकच्या तारा लावतात. सुरुवातीला बोटं खूश होतात. पण ताण उतरल्यामुळे मान सरळ होते, मग तारा फ्रेटवर खडखडतात, आणि इलेक्ट्रिकच्या निकेल तारांचा आवाज ब्राँझच्या तारांपुढे मंदच येतो. हात दुखत असेल तर ०.०११ चा अकूस्टिक सेट लावा. तेवढी तडजोड पुरते.

तारा उतरवणारे

दोन कंपूंतला माझ्या मते सगळ्यांत सुंदर दुवा दोन दुखावलेल्या हातांचा आहे. फोक गायिका जोनी मिचेलला नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, नेहमीचे अवघड आकार धरणं कठीण गेलं. तिने तारांचे सूरच बदलले, म्हणजे मोकळ्या तारांतूनच कॉर्ड निघेल आणि बोटांना एक-दोनच जागा धराव्या लागतील. ब्लॅक सबाथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. सतराव्या वर्षी कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि फ्रेटवर चालणारा हात नेमका तोच. त्याने बोटांना घरी बनवलेल्या टोप्या चढवल्या, हलक्या तारा लावल्या आणि १९७१ पर्यंत ब्लॅक सबाथच्या काही गाण्यांत सगळी गिटार तीन अर्धस्वर खाली आणली. तीन अर्धस्वर उतरवले की ताण जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. एकीकडून तरल, धूसर फोक निघालं. दुसरीकडून जड, खोल रॉक. अडचण दोघांची एकच होती.

फोकमध्ये सगळ्यांत जास्त चाललेलं वेगळं ट्यूनिंग म्हणजे डी-ए-डी-जी-ए-डी. ते इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहमने साठच्या दशकात रुजवलं. डी षड्ज धरला तर सहा तारा अशा बसतात: सा प सा म प सा. गंधार इथेही नाही! पण कारण वेगळं आहे. इथे गंधार गाळला तो चिखल टाळायला नाही. मेजर-मायनरचा निर्णय चालीवर सोपवायचा आणि खाली तंबोऱ्यासारखं काहीतरी गुंजत ठेवायचं, म्हणून.

लावायची रीत: सहावी तार उतरवा, मोकळ्या चौथ्या तारेच्या बरोबर एक सप्तक खाली येईपर्यंत. पहिली उतरवा, चौथीच्या एक सप्तक वर येईपर्यंत. दुसरी उतरवा, मोकळ्या पाचवीच्या एक सप्तक वर. पाचवी, चौथी, तिसरी तशाच. प्रत्येक तार हव्या सुरापेक्षा थोडी जास्त उतरवून मग वर चढवत आणायची. नुसती उतरवून सोडली तर खुंटीतली ढिलाई तशीच राहते आणि दोन मिनिटांत तार आणखी खाली घसरते. तीन तारांचा ताण कमी झाल्यामुळे मान किंचित मागे जाते आणि न हात लावलेल्या तीन तारा थोड्या चढतात. म्हणून शेवटी सगळ्या सहा पुन्हा तपासायच्या. ‘हे ट्यूनिंग माझ्या गिटारवर सुरात बसतच नाही’ म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा ही शेवटची फेरी गाळलेली असते.

रॉकमधला भाऊबंद म्हणजे द रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सचं पाच तारांचं ओपन जी: सहावी तार काढूनच टाकायची आणि उरलेल्या जी-डी-जी-बी-डी. सहावी काढली, कारण खर्ज बेसवाल्याचा. वाटेकरीपणा इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

जुन्या रेकॉर्डबरोबर गिटार जुळत नाही तेव्हा

गिटार ट्यूनरवर अगदी सुरात आणि तरी रेकॉर्डबरोबर बेसूर, हा अनुभव सगळ्यांना येतो. शक्यता तीन. पहिली, टेपचा वेग. रेकॉर्डिंगच्या किंवा मास्टरच्या वेळी टेप तीन टक्के वेगात पळाली तर सगळं गाणं अर्ध्या अर्धस्वराने चढतं, म्हणजे कोणत्याच फ्रेटवर सापडणार नाही. अशा वेळी सहाही तारा त्या गाण्यापुरत्या चढवून घ्या किंवा रेकॉर्ड ऐकायच्या अ‍ॅपमध्ये सूर सरकवा. दुसरी, सगळी गिटार अर्धस्वर उतरवलेली असणं. जिमी हेंड्रिक्स बहुतेक तशीच लावायचा, आणि तो एकटा नव्हता.

तिसरी शक्यता कॅपो, म्हणजे मानेवर लावून सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. फोकवाला कॅपो लावतो, कारण त्याला मोकळ्या तारांचा नाद सोडायचा नसतो. रॉकवाला त्याच जागी बार कॉर्ड, म्हणजे तर्जनी आडवी टाकून तारा दाबलेली कॉर्ड, धरतो, कारण त्याला प्रत्येक तार हवी तेव्हा मुकी करता यायला हवी. बोटांचा दाब सैल केला की बार कॉर्ड लगेच गप्प बसते, मोकळी तार बसत नाही. रेकॉर्डमध्ये कॅपो कुठे आहे हे शोधायचं तर कॉर्डवर जाऊ नका, नखरे ऐका. डीच्या आकारात पहिल्या तारेवर मोकळी, दुसरा फ्रेट, तिसरा फ्रेट असा खेळ चालतो. सीच्या आकारात चौथी तार मोकळी छेडून लगेच दुसऱ्या फ्रेटवर बोट आपटतात. हा आकार ओळखू आला की कॉर्डचा खरा सूर आणि आकाराचं नाव यांतलं अंतर मोजा. आकार डीचा आणि सूर ई, तर कॅपो दुसऱ्या फ्रेटवर. कॅपो लावताना तो फ्रेटच्या लगेच मागे बसवा. दोन फ्रेटच्या मध्यावर ठेवला, तर दाब जास्त द्यावा लागतो आणि तारा चढतात.

बारा तारांवरची भेट

१९६५ मध्ये अमेरिकन रॉक बँड द बर्ड्‌सच्या रॉजर मॅग्विनने फोकमधली बोटं रॉकमध्ये आणली. बँजो वाजवून हात तयार झालेला. अंगठा आणि तर्जनीत साधं पिक, मधल्या बोटात आणि अनामिकेत धातूची पिकं, आणि हातात रिकनबॅकरची बारा तारांची इलेक्ट्रिक. तारा जोडीने असतात: खालच्या चार जोड्यांत एक जाड आणि एक तिच्या सप्तकभर वर, वरच्या दोन जोड्यांत दोन्ही सारख्या. तिच्यावर बँजोसारखी सुटी बोटं फिरवायची तर प्रत्येक स्वर पुढचा येईपर्यंत टिकायला हवा, म्हणून स्टुडिओत कॉम्प्रेसर लावला. तो आघात दाबतो आणि विझता स्वर उचलतो. डिस्टॉर्शनची पहिली करामत मिळाली, दुसरी वगळून: आस लांबली, बेरजा-वजाबाक्यांचा चिखल झाला नाही. म्हणूनच त्या आवाजात पूर्ण कॉर्ड गंधारासकट टिकते.

साध्या बारा तारांवर तो आवाज निघत नाही, त्याचं एक कारण तारांच्या क्रमात आहे. बहुतेक गिटारींवर पिक खाली येताना आधी बारीक तार लागते, रिकनबॅकरवर आधी जाड. तिसऱ्या जोडीतली बारीक जी सगळ्यांत आधी तुटते, कारण ती पहिल्या तारेपेक्षाही वर लावलेली असते. गिटार पूर्ण स्वर उतरवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला, तर तार आणि मान दोन्ही वाचतात.

एकाने दुसऱ्याचं गाणं वाजवायचं ठरवलं तर

रॉकवाला फोक वाजवायला बसला की आघात फार जोरात करतो. त्याला अँपची सवय. इथे जोर वाढवला की आवाज मोठा न होता तार फ्रेटवर आपटते. पिक ०.६ मिलिमीटरच्या आसपासचं घ्या आणि जाड तारांवर फक्त पहिला ठोका द्या. डावा हातही उगाच सैल करायचा नाही: पुढची कॉर्ड येईपर्यंत बोटं दाबून ठेवायची, नाहीतर कॉर्डच्या आधी एक छोटी शांतता पडते आणि गाणाऱ्याच्या पायाखालची फळी हलते. रेकॉर्ड करायचं असेल तर माइक आवाजाच्या भोकासमोर ठेवू नका. पेटीतली हवा साधारण १०० कंपनांच्या आसपास घुमते, म्हणजे मंद्र जी आणि एच्या मध्ये, आणि तेवढेच स्वर फुगून येतात. मान जिथे पेटीला मिळते तिथे, वीस-तीस सेंटिमीटरवर ठेवा.

फोकवाला रॉक वाजवताना उलट्या चुका करतो. सहाही तारा छेडतो आणि मोकळ्या तारा अँपसमोर शिट्ट्या मारू लागतात. जाड तारांच्या सवयीने बारीक तारा इतक्या दाबतो, की त्या फ्रेटच्या मागे खाली वाकून चढतात आणि पॉवर कॉर्ड बेसूर होते. आवाज निघेल इतकाच दाब द्यायचा आणि न वाजणाऱ्या तारांवर दोन्ही हातांचा पहारा ठेवायचा. रॉक गिटारचं अर्धं कौशल्य न वाजवण्यात आहे. कडव्यात बोटांनी वाजवायचं आणि ध्रुवपदात गर्जना हवी असेल, तर पेडल शोधू नका. अँप ध्रुवपदासाठी लावून ठेवा आणि कडव्यात गिटारवरचं व्हॉल्यूमचं बटण दहावरून पाच-सहावर आणा: सिग्नल लहान होतो, शेंडे छाटले जात नाहीत आणि गाळलेला गंधार पुन्हा वाजवता येतो.